अवैध चराई

भाद्रपद लागला की माझ्या फोनवर आफ्रिका यायला लागते. आमच्या सहलीचा व्हॉट्सअॅप ग्रुप अजून जिवंत आहे. एरवी त्यावर सुप्रभात, वाढदिवस आणि गुडघेदुखीवरचे उपाय चालतात. पण गणपती जवळ आले की कुणाला तरी आठवतं, याच दिवसांत आपण मसाई मारात होतो. मग नदीत उड्या टाकणारे विल्डबीस्टचे स्थलांतरी कळप, आमच्या गाडीच्या सावलीत येऊन बसलेली सिंहीण, गवतातून नुसते कान दिसणारा चित्ता, सगळे एकेक करून परत येतात. प्रत्येक फोटोखाली 'अविस्मरणीय' असं लिहिलेलं असतं. मीही अंगठा पाठवतो. अविस्मरणीय तर ते आहेच. विसरता येत नाही म्हणून तर मला हे दिवस नको होतात.

सोलापूरला हिरवेपणाचे दिवस मुळातच थोडे. आमचं गाव उन्हाचं. यंदाचा उन्हाळा किती कडक होता यावर इथली माणसं आपापसांत बढाया मारतात. पण चार सरी बऱ्या झाल्या असतील तर भाद्रपदात होटगीच्या पुढे, कर्नाटकाच्या अंगाला, उघडे माळ पंधरा-वीस दिवस असे काही दिसतात की ओळख पटू नये. पवन्याचं गवत गुडघ्याला लागतं, कुसळीला अजून कुसळं धरलेली नसतात, आणि वारा आला की सगळा माळ एका बाजूला लवतो. त्या माळावर माझं लहानपण गेलं. आम्ही धनगर. माझा थोरला भाऊ, अण्णा, शेवटपर्यंत मेंढरांमागे होता. मी शिकलो आणि सोलापुरात भवानी पेठेतल्या एका शाळेत मराठीचा मास्तर झालो. 'शेवटपर्यंत' हा शब्द मी सवयीने लिहून गेलो. अण्णा चांगला जिवंत आहे. शेवट झाला तो मेंढरांचा.

मारातली पहिली सकाळ बोचरी थंड होती. गाडीचं छत वर उचललेलं, आम्ही सहाजण सीटवर उभे आणि सगळ्यांच्या अंगावर सोलापुरी चादरी. ही अंबादासची करामत. अंबादास माझा शाळेतला जुना सोबती, गणिताचा मास्तर, घरी तेलुगू बोलणारा, आधीच्या चार पिढ्या हातमागावर बसलेल्या. आफ्रिकेत आपल्याला थंडी वाजली तर सोलापूरची अब्रू जाईल, असं सांगून त्याने प्रत्येकाच्या सामानात एकेक चादर कोंबली होती. डब्यात कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी होती. समोर सूर्य वर येत होता आणि मैलोन् मैल नुसतं गवत. बाकीचे सिंह शोधत होते. मी गवताकडे बघत होतो, कारण मला ते ओळखीचं वाटलं. यात मेंढरं किती दिवस चरतील, पाणी कुठल्या अंगाला असेल, दुपारचं कुठल्या झाडाखाली बसवायचं, असले विचार माझ्या डोक्यात चालले होते. सगळा जन्म खडू धरलेल्या माणसाच्या डोक्यात हे अजून कुठून येतं, याचं मला नवल वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात लांबवर धूळ दिसली. "आले, आले! मायग्रेशन!" अंबादास ओरडला आणि गाडीतले सगळे कॅमेरे तिकडे वळले. मी एका नजरेत बोलून गेलो, "ती मेंढरं आहेत."

रानातलं जनावर थांबतं, मान वर करतं, वारा हुंगतं. मेंढरू खाली मान घालून पुढच्याच्या अंगाला अंग लावून चालतं. धुळीची उंचीसुद्धा वेगळी असते. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आमचा ड्रायव्हर सायमन मागे वळून बघत हसला आणि इंग्रजीत म्हणाला, अगदी बरोबर, मेंढ्या आणि गायी; पण तुम्हाला दुर्बिणीशिवाय कळलं कसं? मी चादर अंगाभोवती ओढून घेतली. धूळ जवळ आली तसा मागे चालणारा माणूस दिसायला लागला. लाल चौकड्याचं कापड पांघरलेला, माझ्या आणि अण्णाच्या मधल्या वयाचा, काठी मानेमागे आडवी आणि दोन्ही हात काठीवर टाकलेले. अण्णा असाच चालायचा.

गाडीत हशा पिकला. "काय मास्तर, विमानात बसून एवढ्या लांब आलो आणि तुम्ही मेंढरं दाखवताय?" कुणी म्हणालं, हे तर होटगी स्टेशनावर फुकटात दिसतं. आमच्यातल्या एक बाई, फोटोंची भारी हौस असलेल्या, कळवळून म्हणाल्या, "अहो, फ्रेममध्ये गायी येतायत. त्याला सांगा ना जरा बाजूला व्हायला." मी धनगराचा, हे त्या गाडीत एकट्या अंबादासला ठाऊक होतं. तो गप्प राहिला आणि मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. तेव्हा मला लाज वाटली होती. कशाची, हे आता सांगता येतं: इतक्या लांबून मेंढरं ओळखता आली याची.

सायमनने गाडी हळू केली. राखीव रानाच्या आत गुरं आणायला मनाई आहे, तो सांगत होता. पण बाहेरचं गवत संपलं की ही माणसं उजाडायच्या आधी आत शिरतात आणि पाहुण्यांच्या गाड्या निघायच्या आत बाहेर पडतात. आज याला उशीर झालेला दिसतो. हे त्याने कुजबुजल्यासारखं सांगितलं, घरातली गोष्ट सांगावी तसं. त्या माणसाने आमच्याकडे एकदाच पाहिलं आणि जनावरांना काहीतरी हाक घातली. शब्द कळला नाही, पण सूर कळला.

आमची आई अक्कलकोटच्या पलीकडची, तिची माहेरची भाषा कन्नड. मेंढरांना ती 'बा, बा' म्हणून बोलवायची, म्हणजे ये, ये. तिचं बघून आम्ही तसंच बोलवायला लागलो. त्यामुळे आमची मेंढरं कन्नड समजायची आणि आम्हा दोघा भावांना तेवढंच कन्नड यायचं. अण्णा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. शाळेला सुटी असली की मी त्याच्या मागे माळावर. लोकांना वाटतं मी पक्षी पुस्तकातून शिकलो. चंडोल, धाविक, तितर, टिटवी ही सगळी मला अण्णाने दाखवली, नावानिशी आणि आवाजानिशी. एकदा असाच माळ पोपटी झाला होता, कळप उताराला लागला होता, आणि अण्णा एकाएकी पळत पुढे गेला. काठी आडवी धरून त्याने अख्खा कळप वळवला. मला वाटलं, साप.

"टिटवी बसलीया तितं," तो म्हणाला. "चार अंडी हायती. पायाकडं बघून चल की रं बाळ्या."

मला अंडी दिसेनात. खड्यांत खडे मिसळावेत तशी ती होती. त्याने बोट नेऊन दाखवलं तेव्हा दिसली. पिल्लं निघून जाईपर्यंत त्याने त्या अंगाला मेंढरं नेली नाहीत, आणि मी रोज विचारायचो, आज तिकडे का नाही, तर तो नुसता हसायचा.

पुढे मास्तर झाल्यावर मी रविवारी पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींत सामील झालो. डॉक्टर, वकील, दोन प्राध्यापक. चांगली माणसं होती. कडू बोलायचं म्हणून मी त्यांच्याविषयी खोटं बोलणार नाही. त्यांना माळाची खरीच काळजी होती. बाहेरगावचे मोठमोठे कळप येत होते, त्यांची कुत्री काळविटांची पाडसं धरत होती, जमिनीवरची घरटी तुडवली जात होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. माळ राखून ठेवावा, असा अर्ज करायचं ठरलं. "मास्तर, तुमची भाषा चांगली, तुम्हीच लिहा," सगळे म्हणाले. माझी भाषा चांगली आहे असं म्हटलं की मी काय वाटेल ते लिहून देतो, ही माझी जुनी खोड. गावात विजेच्या खांबापासून रस्त्यापर्यंत सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो आणि अण्णा चारचौघांत सांगायचा, "आमच्या बाळ्यानं लिवलं की सायबाला उटावंच लागतंय."

मी तो अर्ज एका दुपारी बसून लिहिला. 'सदर माळावरील चराई पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असली, तरी ती अवैध आहे.' हे वाक्य मला फार आवडलं. मी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं आणि खाली ठसठशीत सही केली. अण्णाची मेंढरं त्याच माळावर चरतात हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. मी स्वतःची समजूत घातली की हे बाहेरच्या कळपांविषयी आहे. पण 'बाहेरच्या' हा शब्द मी अर्जात घातला नाही. घालून पाहिला होता. वाक्याचा तोल जात होता.

वर्षभरात माळाला तारेचं कुंपण आलं आणि गावातल्या मेंढरंवाल्यांना नोटिसा आल्या. अण्णा त्याची नोटीस घेऊन माझ्याकडे आला. भर दुपार होती, मी शाळेतून जेवायला घरी आलो होतो. त्याने पटक्याच्या घडीतून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच की रं बाळ्या. काय लिवलंय त्येच्यात?"

मी वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीत माझं वाक्य समोर आलं. जसंच्या तसं, पिढ्यान्‌पिढ्यासकट. मी आवाज हलू दिला नाही. वर्गात धडा वाचतो तसं वाचलं.

"अवैध म्हंजी?" अण्णाने विचारलं.

"कायद्यात न बसणारी."

"आन् चराई?"

"चारणं, अण्णा."

"मंग चारणं म्हनायचं की सरळ." त्याने कागदाकडे बोट केलं. "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. तो मान हलवत ऐकत होता. "चांगलं लिवलंय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी कागदाची घडी घालण्यात गुंतलो. बायकोने भाकरी वाढली, तो जेवला, तांब्याभर पाणी प्याला आणि गेला. त्यानंतर तो मला गुरुजी म्हणायला लागला. गावात सगळेच म्हणायचे, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

मेंढरं दोन हंगामांत गेली. आधी कोकरं, मग माद्या, शेवटी एकच म्हातारी मेंढी राहिली, ती त्याने कुणाला दिली नाही, ती आपल्या मरणाने गेली. अण्णा आणि वहिनी सोलापुरात आले. अण्णाला एका सोसायटीच्या फाटकावर काम मिळालं. मीच एका ओळखीच्या माणसाला चिठ्ठी लिहून दिली होती, तीही चांगल्या भाषेत. निळा सदरा, प्लास्टिकची खुर्ची, गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. पहिल्या दिवाळीला वहिनी माझ्या बायकोला म्हणाली, "मेंढरं गेल्यापास्नं ह्यास्नी बोलायला कोन न्हाय बघा." मी शेजारच्या खोलीत होतो. मला वाटलं, बाहेर जाऊन काहीतरी म्हणावं. मी फराळाचा डबा भरत बसलो.

आणि माळ? माळ वाढला, हे खरं. गवत कमरेला लागलं, काळविटं वाढली, दोन वर्षं न दिसलेले पक्षी दिसले. आमच्या रविवारच्या मंडळींनी पेढे वाटले. मीही खाल्ला. मला आजही वाटतं की तार चूक होती असं सरळ म्हणता येणार नाही. चूक असती तर सोपं झालं असतं. तारेच्या बाहेरून दुर्बिणीने बघताना टिटवी ओरडली की माझ्या बरोबरचे लोक माझ्याकडे बघतात, मास्तर, कुठे आहे सांगा. मी सांगतो. मला अजून अंडी खड्यांतून वेगळी काढता येतात.

माणूस एकदा चुकला की शहाणा होतो असं मी मुलांना शिकवत आलो. मारातून निघायच्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर अभिप्रायाचा कागद आला. नेहमीप्रमाणे तो माझ्यापुढे सरकला. "मास्तर, तुम्ही लिहा. तुमची भाषा." इंग्रजी माझी बेताचीच, पण एवढं म्हटल्यावर मी पेन काढलं. जेवणाचं कौतुक केलं, तंबूंचं केलं, सायमनच्या नजरेचं केलं. मग त्या फोटोवाल्या बाई म्हणाल्या, "ते गायींचं पण घाला हो. आपला सगळा सूर्योदय गेला." दोन दिवसांपूर्वी गाडीत झालेला हशा माझ्या कानात अजून होता. मी त्यांच्यातलाच आहे, तिकडचा नाही, हे दाखवायची संधी होती. मी लिहिलं: 'इल्लीगल ग्रेझिंग.' तीच अवैध चराई. पुढे सकाळची वेळ लिहिली, आणि जागासुद्धा लिहिली, नदीचं वळण, एकाशेजारी एक तीन बाभळी, कारण अर्जात मोघम लिहिलं की त्यावर काही होत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. कागद मॅनेजरच्या हातात दिला. त्याने तिथेच वाचला, गंभीर झाला आणि लक्ष घालू म्हणाला.

गाडी निघाल्यावर अंबादास माझ्या शेजारी येऊन बसला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एकदा लिहिलंस ते पुरलं नाही का रे तुला?" त्याने अर्जाचं कधी माझ्यापाशी काढलं नव्हतं. त्याला माहीत आहे हेही मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, परत जाऊन कागद मागून घेऊ या. तो म्हणाला, मग सांग सायमनला. सायमन पुढे बसून काहीतरी गुणगुणत गाडी चालवत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. त्या लाल चौकड्याच्या माणसाचं पुढे काय झालं, मला कळलेलं नाही. काहीच झालं नसेल. मी घरी आल्यावर एक पत्र पाठवू शकलो असतो, पत्ता त्या कागदावरच होता. जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले, दिलेला अर्ज मागे घेणारा एकही लिहिला नाही.

परत आलो तेव्हा गणपती बसले होते. एका दुपारी मी अण्णाकडे गेलो, सोसायटीच्या फाटकावर. त्याच्यासाठी एक लाल चौकड्याचं कापड आणलं होतं. त्याने ते दोन बोटांत धरून चोळून पाहिलं. "घोंगडं न्हाय त्येंच्यात?" नाही म्हटल्यावर त्याने कापडाची नीट घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली. मग मी फोन काढला. का काढला, हे मला नीट सांगता येणार नाही. मला वाटत होतं की त्याने काहीतरी बघून खूश व्हावं. सिंह त्याने भराभर पुढे ढकलले. नदीत उतरलेल्या विल्डबीस्टांपाशी थांबला.

"ह्येंच्या मागं कोन असतंय?"

"कुणी नाही. आपली आपण जातात."

"लई बरं हाय मंग," तो म्हणाला.

पुढचा फोटो त्या सकाळचा होता. बाकीचे सिंहाकडे वळल्यावर मी तो घाईघाईत काढला होता. अण्णाने फोन लांब धरला, जवळ आणला आणि त्याचा चेहराच उजळला. "अगं बया, मेंढरं हायती की! शेपटं बघ की केवढाली. कुटं चारतोय?"

"आतच. चोरून. उजाडायच्या आधी आत जायचं आणि लोक यायच्या आत बाहेर."

"धरत न्हाईत?"

"धरतात कधीकधी."

त्याने बोटाने फोटो मोठा केला. मेंढरांवरून बोट त्या माणसावर नेलं, मानेमागच्या काठीवर, काठीवर टाकलेल्या हातांवर. 

"तरी ऱ्हायलीत त्येची मेंढरं," तो म्हणाला. "ह्येला शिकल्याला भाऊ न्हाय वाटतं."

त्याचा आवाज चढला नव्हता. तो रागावलाही नव्हता. फोन त्याने माझ्या हातात परत दिला, काच सदऱ्याला पुसून. कधी कळलं, असं मी कसंबसं विचारलं.

"तवाच की. हापिसात गेलतो, दादापुता करून बगावं म्हनून. तितल्या मानसानं अर्ज काडून नाव वाचलं. म्हनला, तुमचंच आडनाव हाय की. तितनंच कागद घिऊन तुज्याकडं आलतो."

"मग मला वाचायला का सांगितलंस?"

अण्णा फाटकाकडे बघत होता. "म्हनलं बगावं," तो म्हणाला, "सांगतोस का."

तेवढ्यात आतून एक गाडी आली आणि हॉर्न वाजला. तो उठला, फाटक पूर्ण उघडलं आणि गाडी बाहेर जाईपर्यंत धरून उभा राहिला. मागोमाग मीही फाटकातून बाहेर पडलो. गाडीला सलाम करायला वर गेलेला त्याचा हात मी समोरून गेलो तेव्हाही तसाच होता.